जड स्टिअरिंग, बोलकं स्टिअरिंग

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातातली 2008 ची बीएमडब्ल्यू 325आय, म्हणजे ई90 पिढीची, आता बदलायची आहे. तिच्या जागी 3 सीरिज (जी20), मर्सिडीज सी-क्लास (डब्ल्यू206), ऑडी ए4 (बी9) आणि अल्फा रोमिओ जिउलिया अशा चार गाड्या तुम्ही एकाच आठवड्यात चालवून पाहिल्यात. चारही गाड्यांचं स्टिअरिंग तुमच्या जुन्या गाडीपुढे हलकं आणि मुकं वाटलं. स्पोर्ट मोड लावल्यावर ते जड होतं, मग यालाच 'फील' म्हणायचं का? हँडलिंगमध्ये नक्की सरस कोण? आणि व्हेरिएबल स्टिअरिंग, 19 इंची चाकं वगैरे ऑप्शन घ्यावेत का?

मी वीसेक वर्षं सस्पेन्शन आणि अलाइनमेंटचं काम करतोय, जोडीला ट्रॅकवर लोकांना गाडी चालवायला शिकवतो. यातल्या बहुतेक गाड्यांच्या खाली पडून काम केलंय आणि त्या चालवल्याही आहेत. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे.

स्पोर्ट मोडपासून सुरुवात करतो, कारण गैरसमजाचं मूळ तिथेच आहे. इलेक्ट्रिक स्टिअरिंगमध्ये एक बारीक टॉर्शन बार असतो. तुम्ही चाक फिरवलं की तो किंचित पिळला जातो, सेन्सर तो पीळ मोजतो आणि त्या हिशोबाने मोटर मदत करते. स्पोर्ट मोडमध्ये मोटर मदतीचा हात आखडता घेते. बऱ्याच गाड्यांत जोडीला थोडं कृत्रिम डॅम्पिंग, म्हणजे हालचालीला रोध, आणि मध्यावर परत येण्याची ओढही वाढवलेली असते. तुमच्या दंडाला काम वाढलं, टायरकडून येणारी बातमी होती तेवढीच राहिली. स्टेशन नीट लागलेलं नसताना रेडिओचा आवाज वाढवावा, तसला हा प्रकार. मी स्वतः बहुतेक गाड्यांत स्टिअरिंग कम्फर्टवर आणि बाकी सगळं स्पोर्टवर ठेवतो. तशी सोय असेल तर करून बघा.

आता ही 'बातमी' म्हणजे नेमकं काय? वळणात पुढच्या टायरचा रस्त्याला टेकलेला तळहाताएवढा भाग पिळला जातो. चाकाचं तोंड एका दिशेला असतं आणि ते प्रत्यक्ष चाललेलं असतं थोड्या वेगळ्या दिशेला. या काही अंशांच्या फरकाला स्लिप अँगल म्हणतात. बाजूचा जोर त्या टेकलेल्या भागाच्या बरोबर मधोमध लागत नाही, किंचित मागच्या अंगाला लागतो. म्हणून टायर स्वतःच सरळ व्हायला बघतो आणि ती ओढ तुमच्या हाताला जाणवते. गंमत पुढे आहे. वळण जसजसं घट्ट होतं तसतशी ही ओढ वाढत जाते, पण टायरची पकड संपायच्या आधीच ती कळसाला पोचते आणि उतरू लागते. साध्या रोड टायरमध्ये ओढ साधारण तीन-चार अंशांच्या स्लिप अँगलला शिगेला जाते, बाजूची पकड मात्र त्यापुढे आणखी काही अंश वाढतच असते. म्हणजे पकड सुटण्याआधी स्टिअरिंग हलकं पडतं. टायर सांगून सुटतो! ते सांगणं बोटांपर्यंत पोचतं की वाटेत हरवतं, यावर स्टिअरिंग बोलकं की मुकं ते ठरतं.

जडपणाचा इथे तोटाच होऊ शकतो. हाताला जाणवणाऱ्या ओझ्याचे दोन वाटे असतात. एक टायरचा, जो वर सांगितल्याप्रमाणे चढतो-उतरतो. दुसरा कॅस्टरमुळे येणारा, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळतं तो मागे झुकलेला असल्यामुळे. हा दुसरा वाटा पकडीबरोबर वाढतच राहतो, सुटण्याची सूचना देत नाही. कॅस्टरने सरळ रेषेत गाडी स्थिर राहते, वळणात बाहेरच्या चाकाला चांगला कॅम्बर, म्हणजे वरून आत झुकणं, मिळतो, म्हणून तो हवाच. पण त्याचा वाटा फार मोठा झाला, किंवा मोटरने वरून स्वतःचं वजन चढवलं, तर टायरचा तो छोटासा उतार त्याखाली बुडून जातो.

हे मी शिकायला आलेल्यांना दाखवतो ते असं. ओल्या जागेवर 30 मीटर त्रिज्येचं वर्तुळ, वेग हळूहळू वाढवत न्यायचा. स्टिअरिंग मुठीत धरायचं नाही, दोन बोटं आणि अंगठा एवढंच. मागच्या खेपेला एक जण त्याच्या स्वतःच्या गाडीत बसला होता, एका नावाजलेल्या सेडानमध्ये. 40 ला काही नाही, 44 ला काही नाही, 47 च्या आसपास नाक बाहेर सरकायला लागलं आणि ते त्याला डोळ्यांनी कळलं, कडेला ठेवलेले खुणेचे कोन जवळ यायला लागले तेव्हा. हाताला शेवटपर्यंत तेच ओझं. मग त्याला जिउलियात बसवलं. 43-44 ला तो म्हणाला, "काहीतरी पातळ झालं." गाडी अजून रेषेवरच होती. ते 'पातळ होणं' म्हणजेच स्टिअरिंग फील. बाकी सगळा जाहिरातींचा मजकूर.

तुमच्या ई90 ला हे सहज जमायचं, कारण तिच्यात हायड्रॉलिक रॅक होता. रॅक म्हणजे पुढच्या चाकांना डावी-उजवीकडे ढकलणारा दातेरी दांडा, आणि त्याला फिरवणारं छोटं दातेरी चाक म्हणजे पिनियन. तिथेही टॉर्शन बारच असतो, पण तो तेलाचा व्हॉल्व्ह उघडतो. टायरने रॅक ढकलला की ढकलणं तेलातून आणि दांड्यांतून बऱ्यापैकी सरळ वर येतं. इलेक्ट्रिकमध्ये टायरला रॅकबरोबर मोटरचा फिरता रोटरही उलटा ढकलावा लागतो. मोटर रॅकला गिअरिंगमधून जोडलेली असल्याने रोटरचं जडत्व टायरला कित्येक पट मोठं भासतं. बारीकसारीक थरथर तिथेच मरते. मग सॉफ्टवेअर हिशोब करून घर्षण आणि जडत्व वजा करायला बघतं. हा हिशोब ज्याने नीट बसवला त्याचं स्टिअरिंग चांगलं. मोटर कुठे बसवली आहे तेही महत्त्वाचं: कॉलमवर बसवलेली मोटर स्वस्त पडते पण फीलच्या दृष्टीने अवघड. रॅकवर दुसऱ्या पिनियनने किंवा पट्टा आणि बॉल-नटने जोडलेली मोटर जास्त नेमकी.

पण म्हणून 'हायड्रॉलिक म्हणजे सोनं, इलेक्ट्रिक म्हणजे पितळ' असं समजू नका. 1993 ची सी-क्लास, डब्ल्यू202, हायड्रॉलिकच होती, पण तिच्यात रॅकऐवजी रीसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत फिरणाऱ्या गोळ्यांवर चालणारा, स्टिअरिंग बॉक्स होता आणि मध्यावर ती अगदीच गुळमुळीत वागायची. मर्सिडीजने या वर्गात रॅक आणला तो 2000 च्या डब्ल्यू203 मध्ये. उलट 2012 ला आलेल्या कॅडिलॅक एटीएसमध्ये झेडएफचा पट्ट्यावर चालणारा इलेक्ट्रिक रॅक होता आणि तो माझ्या मते त्या काळातल्या तुमच्या लाडक्या कंपनीच्या एफ30 पेक्षा उघडपणे बोलका होता. एफ30 म्हणजे ई90 नंतरची 3 सीरिज. तिच्यापासून 3 सीरिज पूर्णपणे इलेक्ट्रिकवर गेली आणि तक्रारींचा सूर तेव्हापासूनच लागला.

दुसरी एक गल्लत तुमच्या प्रश्नात आहे: स्टिअरिंग आणि हँडलिंग एकाच ताटात वाढलंय. मुकं स्टिअरिंग असलेली गाडी वळणात उत्तम वागू शकते. हँडलिंग म्हणजे गाडीचं वागणं: स्टिअरिंग हलवल्यावर नाक किती लवकर वळतं, पाठोपाठ मागची बाजू किती लवकर सामील होते, वळणात मध्येच खड्डा आला तर रेषा सुटते का, ब्रेक लावून आत शिरताना मागचं टोक शांत राहतं का. फील म्हणजे हे सगळं चाललेलं असताना तुम्हाला मिळणारी खबर. आता चारही गाड्या या दोन मापांनी बघू.

जिउलिया आधी घेतो, कारण या दोन्ही बाबतींत तिचं पुढचं टोक या वर्गात मला सगळ्यांत गोड वाटतं. 2015 च्या जूनमध्ये ती जगासमोर आली, तेव्हा तिच्यासाठी जॉर्जिओ नावाचा नवा प्लॅटफॉर्म बनवला होता. पुढे डबल विशबोन, म्हणजे चाकाला वरून आणि खालून धरणारे आर्म, तेसुद्धा असे की खालच्या बाजूला एका मोठ्या आर्मऐवजी दोन वेगळ्या लिंक आहेत. त्यामुळे चाक ज्या अक्षाभोवती वळतं तो खालच्या बाजूला प्रत्यक्ष कुठल्याही एका बॉल जॉइंटमधून जात नाही, हवेतल्या एका बिंदूतून जातो, आणि वळताना जागा बदलतो. अभियंत्याला त्यामुळे तो टायरच्या मध्याजवळ आणता येतो, ब्रेक किंवा खड्ड्याचे झटके स्टिअरिंगमध्ये कमी येतात आणि टायरची खरी बातमी वेगळी काढता येते. शिवाय इंजिनाचा जोर मागच्या चाकांकडे नेणारा प्रॉपेलर शाफ्ट कार्बन फायबरचा, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं-निम्मं.

स्टिअरिंगचं गुणोत्तर 11.8 ला 1 आहे, म्हणजे स्टिअरिंग 11.8 अंश फिरवलं की पुढचं चाक एक अंश वळतं. हे फार तिखट आहे. साध्या सेडानमध्ये 14 ते 16 असतं. एवढं तिखट स्टिअरिंग बहुतेक गाड्यांत चिंताग्रस्त वाटतं, हायवेवर शिंकलात तर लेन बदलेल अशी भीती. जिउलियात तसं होत नाही, कारण मागचं टोक पुढच्याच्या बरोबरीने आणि लगेच उत्तर देतं. स्टिअरिंग हलकं आहे, हो, पण ज्या हलकेपणाबद्दल तुम्ही नाक मुरडताय त्याच हलकेपणात तो उतार ऐकू येतो. तुम्ही ती दहा-पंधरा मिनिटंच चालवली असणार. ई90 च्या जडपणाला सरावलेल्या हाताला पहिला तासभर ती खेळण्यासारखी वाटते, मग मात्र परत मागे जाणं कठीण. तिचा खटकणारा भाग ब्रेक. तिच्यात ब्रेक-बाय-वायर आहे, पेडल आणि कॅलिपर यांच्यात थेट नातं नाही, आणि अगदी हळू वेगात थांबताना पेडलची भाषा शिकून घ्यावी लागते.

जी20 3 सीरिजबद्दल मी जरा जपून बोलतो, कारण तिचे चाहते आणि टीकाकार दोघेही ओरडून बोलतात. 2018 च्या शेवटाला ती आली आणि एफ30 च्या तुलनेत चेसिस खरोखर सुधारली: पुढचा ट्रॅक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर, 43 मिलिमीटरने रुंद, मागचा 21 ने, बॉडी जास्त कडक, पुढे जादा नकारात्मक कॅम्बर. साध्या सस्पेन्शनमध्येही शॉकअपमध्ये एक हुशारी आहे. दांडा किती आत-बाहेर गेलाय त्यानुसार डॅम्पिंग बदलतं. पुढे तो उघडत जाताना, मागे दबत जाताना, टोकाजवळ जादा हायड्रॉलिक रोध लागतो. म्हणून लांब उंचवट्यावर गाडी तरंगत नाही आणि छोट्या खड्ड्यात दणकतही नाही.

हँडलिंगमध्ये तिच्यात फारसं खोट काढण्यासारखं मला सापडत नाही. मध्येच ब्रेक, मध्येच खड्डा, अचानक दिशा बदल, सगळ्यात ती सांभाळून घेते, आणि चालवणारा थकलेला असला तरी सांभाळून घेते. चौघींत सगळ्यांत पूर्ण गाडी हीच. पण फील? ई90 मधून उतरलेल्या माणसाला ती पोकळ वाटणार. स्टिअरिंग नेमकं आहे, मध्यावर घट्ट आहे, एफ30 पेक्षा खूपच बरं आहे, पण पुढचे टायर काय करताहेत हे तुम्हाला सीटमधून आणि नजरेतून ओळखावं लागतं. एम स्पोर्टचं जाड रिम हातात आलं की तर आणखी. जाड गुबगुबीत रिम बारीक थरथर खातो, ही साधी गोष्ट डिझाइन करणारे का विसरतात, देव जाणे.

सी-क्लासकडे तुम्ही स्पोर्ट सेडान म्हणून बघताय, ती स्वतःकडे तसं बघत नाही. तिच्या घराण्याला चेसिसचा वारसा मोठा आहे. मागच्या चाकाला पाच स्वतंत्र लिंक देणारी 190, म्हणजे डब्ल्यू201, 1982 ची. पुढच्या काळात या वर्गात अशा अनेक लिंकच्या मांडणीशिवाय, म्हणजे मल्टिलिंकशिवाय, पानच हलेना. डब्ल्यू206 ही 2021 ची पिढी. तिच्यात मागची चाकं वळवण्याचा ऑप्शन आहे: 60 च्या खाली ती पुढच्या चाकांच्या उलट दिशेला, त्यावर त्याच दिशेला, जास्तीत जास्त अडीच अंश. त्याने वळणाचं वर्तुळ 43 सेंटिमीटरने कमी होऊन 10.64 मीटरवर येतं. पार्किंगमध्ये सुख, आणि घाटासारख्या लागोपाठच्या वळणांत गाडी आखूड झाल्यासारखी वाटते. पण ज्या क्षणी मागची चाकं उलट दिशेची सरळ होतात आणि मग त्याच दिशेला जातात, त्या वेगाच्या पट्ट्यात स्टिअरिंगचं उत्तर किंचित बदलतं. हाताला ते नैसर्गिक वाटायला वेळ लागतो. लांब प्रवासाला चौघींत मी हीच घेईन. बोटांनी बोलायला नाही.

ए4 चा विषय तिच्या मांडणीत आहे. इंजिन लांबीने, पण पुढच्या धुऱ्याच्या पुढे लटकलेलं. 2007 च्या बी8 पिढीत त्यांनी डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत जोर वाटणारा गिअर) आणि क्लच यांची जागा बदलून पुढचा धुरा तब्बल 154 मिलिमीटर पुढे नेला आणि नाक खूप सुधारलं. बी9 मध्ये पुढच्याप्रमाणे मागेही पाच लिंक आल्या, गाडी हलकी झाली. तरी हद्दीवर तिचं उत्तर ठरलेलं: नाक बाहेर. पावसात, थंडीत, अनोळखी रस्त्यावर हेच उत्तर अनेकांना हवं असतं, त्यात कमीपणा नाही. एस4, म्हणजे ए4 ची दमदार आवृत्ती, असेल तर मागच्या दोन चाकांत जोर वाटून देणारं स्पोर्ट डिफरन्शियल शोधा. ते असलेली आणि नसलेली गाडी वळणातून बाहेर पडताना दोन वेगळ्या गाड्या वाटतात. डायनॅमिक स्टिअरिंग मात्र घेऊ नका. त्यात कॉलममध्ये एक स्ट्रेन वेव्ह गिअर बसवून गुणोत्तर वेगानुसार बदललं जातं. हाताला आज अमुक एवढं फिरवलं तर गाडी अमुक एवढी वळते हा हिशोब पक्का होईपर्यंत वेग बदलतो आणि हिशोबही.

चौघींच्या बाहेर, सेकंडहँडमध्ये बघायची तयारी असेल तर माझ्या यादीत जॅग्वार एक्सई वर आहे. 2014 ला जाहीर झाली, उत्पादन 2024 मध्ये थांबलं. बॉडीत अ‍ॅल्युमिनियमचा मोठा वाटा, पुढे डबल विशबोन, मागे इंटिग्रल लिंक. जॅग्वारचं हे पहिलं इलेक्ट्रिक स्टिअरिंग आणि पहिल्याच फटक्यात त्यांनी मान राखला. खडबडीत रस्त्यावर वेग धरून जाताना ती जिउलियापेक्षाही मोकळी श्वास घेते. लेक्सस आयएस ही जुन्या प्लॅटफॉर्मवर घासून-पुसून उजळलेली गाडी. 2020 च्या फेरबदलात त्यांनी चाकं बसवायची पद्धतसुद्धा बदलली, स्टड-नटऐवजी हबमध्ये बोल्ट, म्हणजे वजन थोडं कमी आणि जोड जास्त घट्ट. असल्या बारकाव्यात रमणारे लोक तिकडे आहेत, हे मला आवडतं. जेनेसिस जी70 चपळ आहे, मागची बाजू खेळकर आहे, स्टिअरिंग मध्यम. व्होल्वो एस60 छान गाडी, पण या चर्चेत तिला ओढून आणायचं कारण नाही.

एक विषयांतर करतो. इन्फिनिटी क्यू50 मध्ये 2013 ला स्टिअर-बाय-वायर आलं. रस्ता आणि हात यांच्यात नेहमीच्या वापरात दांडाच नाही, फक्त वायर. क्लचने जोडलेला कॉलम फक्त आणीबाणीसाठी. त्यात फील पूर्णपणे मोटरने बनवलेला होता, आणि मोटरला काय सांगायचं हे कुणीतरी ठरवलेलं होतं. खड्ड्यांचे झटके गाळले गेले, पण सोबत टायरची कुजबुजही गाळली गेली. कुठली बातमी कामाची आणि कुठली कटकट, ही निवड दिसते तितकी सोपी नाही, हे त्या गाडीत बसल्यावर पटतं.

आता टेस्ट ड्राइव्हबद्दल. चारही गाड्या एकाच आठवड्यात चालवल्यात हे चांगलं, पण चारही गाड्यांच्या टायरमधली हवा तुम्ही तपासली होती का? मला खात्री आहे की नाही. डेमो गाडीचे टायर बऱ्याचदा फुगवून ठेवलेले असतात, कधी वाहतुकीच्या वेळचं जादा प्रेशरच कमी केलेलं नसतं. पाच-सात पीएसआयच्या फरकाने टेकलेल्या भागाचा आकार बदलतो आणि वर सांगितलेली ती ओढच बदलते. शिवाय एकीला रन-फ्लॅट, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे टायर, दुसरीला साधे. रन-फ्लॅटच्या बाजू कडक असतात, त्यामुळे पहिला प्रतिसाद चटकन येतो, पण सुटण्याची सूचना आखूड मिळते आणि मधल्या खड्ड्यावर चाक उडतं. मग तुम्ही तुलना गाड्यांची करताय की टायरांची?

याचं एक उदाहरण माझ्याकडचंच. एक गृहस्थ पाच-सहा वर्षांची सेडान घेऊन आले. मेक सांगत नाही, कारण दोष मेकचा नव्हता. म्हणाले, "घेतली तेव्हा हिचं स्टिअरिंग लोण्यासारखं होतं, आता चिखलात हात घातल्यासारखं वाटतं. रॅक बदलायला सांगितलाय." आधी हवा बघितली. थंड टायरला 42, दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर 33. स्टिकरप्रमाणे केली, निम्मी तक्रार तिथेच गेली. उरलेल्या निम्म्यासाठी गाडी लिफ्टवर घेतली, पुढची चाकं हवेत, इंजिन बंद. स्टिअरिंग हळूहळू फिरवलं तर एका पूर्ण फेऱ्यात दोनदा, बरोबर समोरासमोरच्या दोन जागी, किंचित अडकत होतं. रॅक खराब असता तर अडकणं रॅकच्या ठरावीक जागी आलं असतं. फेऱ्यात दोनदा म्हणजे संशय कॉलम आणि रॅक यांच्यामधल्या शाफ्टच्या युनिव्हर्सल जॉइंटवर. खालचा बोल्ट काढून शाफ्ट वेगळा केला. रॅकचा पिनियन गुळगुळीत फिरला, आणि हातातल्या शाफ्टचा खालचा जॉइंट वाकवला तिथे तसाच राहिला. त्याने स्वतःच्या वजनाने खाली पडायला हवं होतं. आत पाणी जाऊन बेअरिंगच्या सुया गंजल्या होत्या. शाफ्ट बदलला, स्टिअरिंग अँगल सेन्सर शून्यावर आणला, टो, म्हणजे पुढच्या चाकांची तोंडं किती आत-बाहेर आहेत ते, तपासला, रॅकला हातही लावला नाही. एवढ्याशा घर्षणाने टायरची सगळी बातमी अडवून ठेवली होती, कारण ती बातमी असतेच तेवढी बारीक.

तुमच्या ई90 ची तक्रार काय आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत, पण विकायच्या आधी तिचं हे सगळं एकदा बघून घ्या. पुढच्या आर्मचे हायड्रॉलिक बुश (तेल भरलेले रबरी सांधे), टाय रॉडचे शेवट, शॉकअप. त्या वयाच्या गाडीत बुशमधलं तेल गळून गेलेलं असतं आणि ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरतं. लोक त्याला डिस्क वाकल्या म्हणतात.

परत चालवायला जाल तेव्हा असं करा. हवा थंड टायरला स्वतः मोजा. स्टिअरिंग कम्फर्टवर ठेवा. 80 च्या सरळ रस्त्यावर, मोकळं असताना, चाक मध्यापासून अगदी दोन-तीन अंश इकडे, दोन-तीन अंश तिकडे करा. ओझं लगेच चढायला लागतं का, की आधी थोडी पोकळी आणि मग एकदम भिंत? पोकळी मोठी असेल तर ती कुठल्याही मोडने भरत नाही. मग लांब, एकसारख्या वळणात, रस्त्याच्या मर्यादेतल्या वेगात, बोटांची पकड सैल करा आणि रस्त्याचा पोत बदलतो तिथे लक्ष द्या: गुळगुळीत डांबरावरून खरखरीत डांबरावर जाताना हाताला काही वेगळं कळतं का? जिउलियात कळेल, एक्सईत कळेल. टोकाची चाचणी रस्त्यावर करायची नाही, त्यासाठी मोकळी बंदिस्त जागा हवी.

ऑप्शनचं विचारलंत. बीएमडब्ल्यूचं व्हेरिएबल स्पोर्ट स्टिअरिंग ऑडीच्या डायनॅमिकपेक्षा वेगळं आहे. त्यात गुणोत्तर वेगानुसार बदलत नाही, रॅकच्या दातांतलं अंतरच मध्यापासून कडेला बदलत जातं. चाक जितकं फिरवाल तितकं तिखट होतं, आणि ते कायम तसंच असतं, म्हणून हाताला सवय होते. ते घ्यायला हरकत नाही. 19 इंची चाकं नकोत. 18 घ्या, पुढे-मागे एकाच मापाचे टायर असतील तर उत्तमच, आणि रन-फ्लॅट पहिल्यांदा झिजले की साधे चांगले टायर घालून बघा, सोबत पंक्चर किट किंवा स्टेपनीची सोय करून. जी20 मध्ये हा एक बदल स्पोर्ट मोडने जे होत नाही त्यातलं बरंच काही करून जातो. माझ्या ओळखीत दोघांनी तो केला. एकाने त्यानंतर गाडी विकायचा विचार सोडला. दुसऱ्याने मात्र शेवटी जिउलियाच घेतली.